खिडकीतला तो फोटो

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, फिलीपला ठाऊक नाही, आणि ज्या बाईंना सगळ्यांच्या आधी कळायला हवी होती त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून असेल. समोरच्याच्या तोंडाकडे बघत हे माझ्याने होत नाही — करून पाहिलंय. दर वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून, चहा पिऊन परत आलोय.

आधी थोडा वैताग काढू द्या. त्याशिवाय मला मूळ गोष्टीवर येता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर लवकर यायचंही नाही.

श्रीरामपुरात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. टायपिंग, टॅली, आणि सुट्टीत शाळकरी पोरांना थोडंफार प्रोग्रॅमिंग. त्याच्या जोडीला मी 'ओसरी' चालवतो. ओसरी म्हणजे काय ते एकदाच सांगतो. मोठाल्या कंपन्यांची सोशल मीडियाची जी दुकानं आहेत, तसलं हे नव्हे. हे जाळं कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्याने त्याने आपापला सर्व्हर थाटायचा, आपापली माणसं जमवायची, आपापले नियम करायचे — आणि तरी या सर्व्हरवरच्या माणसाला त्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं. गावोगावी पार असतात, आणि या पारावरची हाक त्या पारावर ऐकू जाते, असं समजा. आमची ओसरी लहान. नगर जिल्ह्यातले — अहिल्यानगर म्हणायचं आता, जिभेला अजून वळण पडायचंय — शिक्षक, नर्सा, दोन-चार वकील, शेतकरी, कॉलेजातल्या पोरी. मराठीतून लिहायचं, भांडायचं असेल तर खुशाल भांडायचं, शिवी द्यायची नाही.

आणि दुसऱ्या एखाद्या सर्व्हरशी संबंध जोडता येतो तसा तोडताही येतो. एक बटण दाबायचं. त्यांचं काही आमच्याकडे दिसत नाही, आमचं काही त्यांच्याकडे जात नाही. यालाच ब्लॉक करणं म्हणतात.

तर 'रणहलगी' नावाचा एक सर्व्हर आम्ही ब्लॉक केलेला आहे. आणि ओसरीवर येणारा प्रत्येक नवा माणूस — प्रत्येक! — जरा स्थिरावला की मला विचारतो, सर, त्यांना का बंद केलंय? लोकशाही आहे ना? दुसरी बाजू ऐकायला नको का? अरे, दाराशीच एवढी मोठी पाटी लावली आहे, ती वाचा की! पण पाटी वाचायची आपल्याकडे रीतच नाही. 'येथे थुंकू नये' याच्या बरोबर खाली थुंकणारी आपण माणसं. मग मी पुन्हा बसतो समजावत.

बाबा रे, मताला कुणाची हरकत नाही. आमच्याकडे पाटपाण्यावरून असे वाद झालेत की सख्खे साडू महिनोन् महिने बोलत नव्हते. कारखान्याच्या निवडणुकीत तर विचारू नका. तरी कुणाला आम्ही हाकललं नाही. रणहलगीचं तसं नव्हतं. कोण खरा या मातीतला आणि कोण उपरा, कुणाच्या दुकानातून किराणा आणायचा नाही, वस्तीवरच्या लोकांना लग्नात कोणत्या पंगतीला बसवायचं — हे त्यांचे विषय. याला मत म्हणतात होय? आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो माणूस तिथेच ओसरीवर बसलेला असतो हो! त्याने काय करायचं? 'मला गावात राहू द्यावं' या बाजूने मुद्दे मांडायचे?

तो मांडत नाही. तो उठून जातो. भांडत नाही, सांगत नाही, दारसुद्धा आपटत नाही. आधी बायका लिहायच्या थांबतात, मग वस्तीवरची पोरं, मग कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारे साधे लोक. शेवटी उरतात हलगी बडवणारे आणि माना डोलावणारे. आणि चालवणाऱ्याला वाटत राहतं, वा, आपल्याकडे किती खेळीमेळीचं वातावरण आहे.

हे सगळं त्या पाटीवर लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय. लोक म्हणतात, सुरेख लिहिलंय. दुसऱ्या दोन-तीन सर्व्हरवाल्यांनी ते माझी परवानगी काढून आपल्या दाराशी लावलं. त्यातली कारणं सगळी खरी आहेत, एकही खोटं नाही. फक्त आम्ही ते केव्हा केलं, आणि त्याच्या आधी मी काय करून बसलो होतो, ते त्यात नाही. म्हणून तर कुणी 'का ब्लॉक केलं' असं विचारलं की माझा तोल जातो. लोकांना वाटतं, सर त्याच त्या प्रश्नाला कंटाळलेत. कंटाळा कसला? प्रश्न बरोबर असतो, माझं उत्तर अर्धं असतं.

आता सुनंदाताई.

त्या पाथर्डीकडच्या, एसटीत कंडक्टर. ओसरीवर त्यांचं नाव होतं 'डबलबेल', आणि खरं नाव त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही. गाडीत दिवसभर जे दिसेल ते चार-पाच ओळींत लिहायच्या. "बायांना अर्धं तिकीट हाय ना? मग ही कोंबडी बी बाईच हाय की," असं हटून बसलेल्या म्हातारीला त्यांनी दिलेलं उत्तर — "आजे, कोंबडा आस्ता तर फुल लावलं आस्तं" — कितीतरी दिवस आमच्याकडे एकमेकांना सांगून लोक हसत होते. ऊसतोडीहून परतणारी कुटुंबं गाडीत चढली की बाळाच्या झोळीसाठी वरच्या दांड्याला लुगडं बांधू द्यायच्या, आणि 'आज आमच्या गाडीत पाळणा हुता' एवढंच लिहायच्या. मी स्वतः सकाळी उठून पहिल्यांदा डबलबेलने काय लिहिलंय ते बघायचो. हे मुद्दाम सांगतोय — माझा त्या बाईवर राग नव्हता, आकस नव्हता, उलट जीव होता. त्याने काय फरक पडला?

गावाचं नाव त्या कधी लिहीत नसत. गाडीची वेळ नाही, रस्ता नाही. कुणी विचारलंच, तुम्ही कुठल्या गाडीला असता, तर म्हणायच्या, "जी कदी येळंवर येत न्हाई तिला." अशी हुशार बाई. एकदाच काय तो त्यांनी एक फोटो टाकला होता, कंडक्टरच्या शिटावरून काढलेला. खिडकीचा गज, पलीकडे उजाड माळ, त्यात एक बाभळ. खाली लिहिलं होतं, 'माझं हाफिस'. या फोटोबद्दल मला पुढे बोलायचंय.

त्याच सुमाराला रणहलगीवाले आमच्या ओसरीवर डोकवायला लागले. आमच्या लोकांच्या लिहिण्याखाली येऊन तिरकस बोलायचे, हसायचे, टोचायचे. फिलीपने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, यांना बंद कर. फिलीप माझा शाळेपासूनचा मित्र, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सर्व्हरची यंत्रणा तो बघतो, माणसांच्या तक्रारी मी बघतो, अशी आमची वाटणी. मी त्याला म्हटलं, "कुणाला असं वाळीत टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

काय भारदस्त वाक्य आहे, नाही? वाळीत टाकणं! फिलीप म्हणाला, "अरे, वाळीत टाकणं म्हणजे माणसाचं पाणी तोडायचं, विस्तव तोडायचा. आपण फक्त आपलं दार लोटतोय. त्यांचा सर्व्हर आहे, त्यांचे लोक आहेत, बडव म्हणावं हलगी रात्रंदिवस. आपल्या ओसरीत येऊन बडवायचा हक्क त्यांना कुणी दिला?" मी विषय बदलला. उत्तर नसलं की मी नेहमी विषय बदलतो, बायको म्हणते त्यात खोटं काही नाही.

तत्त्वबित्त्व काही नव्हतं हो. खरं सांगू? रणहलगी ज्याने काढली तो अजिंक्य माझा जुना विद्यार्थी. बाजारात दिसला तरी गाडी लावून, भर गर्दीत वाकून पाया पडणारा. मी शेतीतल्या जुन्या शब्दांवर काही लिहिलं की रणहलगीवर ते 'आमच्या गुरुवर्यांचं' म्हणून फिरायचं आणि शेकडो माणसं वाचायची. ओसरीवरचे लोक माझ्याशी हुज्जत घालायचे, ते पाया पडायचे. माणसाला काय आवडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती हलगी माझ्यासाठीही थोडी वाजत होती — आणि मला ती बंद व्हायला नको होती.

दुसरं एक होतं. आमचे वडील गावातले तंटे मिटवायचे. त्यांची पद्धत ठरलेली. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि भांडणाचं काही बोलायच्या आधी ओळख काढायची. तू अमक्याचा नातू ना? याची आत्या तुमच्याच भावकीत दिलेली, माहीत आहे का तुला? ओळख निघाली की माणूस वरमतो, ओळखीच्या माणसाशी कुणी वाईट वागत नाही — असं ते म्हणायचे आणि बहुतेक वेळा ते खरंही व्हायचं. मला लहानपणापासून त्यांच्या जागी बसायची हौस. ओसरी काढली त्यात ती हौस किती होती, हे मी कधी कबूल केलेलं नाही. वडिलांना वस्तीवरच्या कुणाची अशी ओळख काढताना मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला आठवलं ते फार उशिरा.

मग एक दिवस डबलबेलची तक्रार आली. आमच्याकडे तक्रारीची वेगळी सोय आहे. तिथे लिहिलेलं फक्त मला दिसतं. रणहलगीवरची ती पंगतीची पोस्ट त्यांनी जोडली होती आणि खाली लिहिलं होतं — मला भीती वाटते असं नाही, पण यातली दोन पोरं मी ओळखते. माझ्याच गाडीत पास काढून येतात. मी त्यांना रोज तोंड देते. मग गाडी कोणती, कुठून किती वाजता सुटते, स्वतःचं नाव काय, समाज कोणता, सगळं. मी थट्टेत बोलत नाही हे मला पटावं म्हणून बिचारीने सगळं उघड केलं होतं. आणि शेवटी एक ओळ: "सर, हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मग मी काय केलं? सांगतो. आधी पुढे काय झालं ते सांगू द्या.

काही दिवसांनी रणहलगीवर एक फोटो आला. एसटीच्या मागच्या शिटावरून काढलेला, तिकिटाचं मशीन हातात घेतलेल्या एका बाईचा. नाव, गाव, गाडीची वेळ, आणि खाली ओळ — 'हीच ती डबलबेल. आपल्यावर तक्रारी करते. सकाळच्या गाडीला भेटा आणि तिकीट काढा.'

लोक भेटले. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. चार-पाच पोरं होती. सुनंदाताई तिकिटाला हात पुढे करायच्या, तर ती पोरं हातात पैसे देत नसत. शिटावर ठेवायची आणि म्हणायची, तिकीटपण तिथंच ठेवा. बाकीची गाडी खिडकीतून बाहेर बघायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचं बघून एका बऱ्या घरच्या पोक्त माणसानेही पैसे शिटावर ठेवले.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. तोवर मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाल्या, "सर, त्यांनी शिव्या दिल्या आस्त्या तर मीबी दोन दिल्या आस्त्या, मी काय कमी न्हाई. पर हे आसलं... माझी आजी सांगायची हे. मला वाटायचं, म्हातारी वाढवून सांगती. ते मी माझ्याच गाडीत बघितलं."

मी काहीतरी बोललो. वाईट झालं, असं व्हायला नको होतं, असलं काहीतरी. मग त्यांनी विचारलं, "पर सर, त्यांना कळलं कसं आसंल वो? मी तर कुटंच नाव लिवलं न्हाई."

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. जराही नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं विचारत होत्या — हे कशाने झालं असेल? त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. फोनच तर होता! तोंडही दिसत नव्हतं. आणि मी म्हणालो, "ताई, तुम्ही तो खिडकीतला फोटो टाकला होता ना... हल्ली फोटोवरून जागा काढतात हो लोक."

त्या म्हणाल्या, "व्हय की. मीच नको तो शानपना केला."

आणि मी — मी म्हणालो, "जाऊ द्या, होतं असं कधी कधी. पुढे जपा."

पुढे जपा! माझ्या जिभेला हाड नाही असं नेहमी ऐकत आलोय, पण त्या दिवशी जिभेला जे सुचलं त्याची मला अजून किळस येते.

आता सांगतो काय केलं ते. त्यांची तक्रार मी जशीच्या तशी उचलून अजिंक्यला पाठवली होती. नावासकट, गाडीच्या वेळेसकट, ती शेवटची ओळसुद्धा न काढता. वर माझा निरोप: 'बाबा, ही बाई आपल्याच भागातली आहे, कष्टाळू आहे. तुझ्या पोरांना जरा समजाव.' वाचलं नव्हतं म्हणावं तर तसं नाही. नीट वाचलं होतं. नाव काढून टाकावं असं एकदा मनातही आलं होतं. मग वाटलं, नको, नाव असू दे. कोण बाई आहे ते कळलं तर पोरं वरमतील. रोज जिच्या गाडीने जातात तिला कोण त्रास देईल? ओळख निघाली की माणूस वरमतो! वडिलांची गादी मी अशी चालवली. अजिंक्यचं लगेच उत्तर आलं — 'सर, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही.' मला इतका आनंद झाला की बायकोला म्हटलं, आज एक तंटा मिटवला. तिने विचारलं, कुणाचा? म्हटलं, आहे एक.

तो फोटो आल्यावर मी अजिंक्यला फोन केला. चांगला तापलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना पोरांना समजाव म्हणून? मग त्यांना दाखवल्याशिवाय कसं समजावणार? आणि कुणाला दाखवू नको असं तुम्ही कुठे म्हणाला होतात?" खरंच नव्हतं म्हणालो. मी ओरडलो नाही, पोलिसांत जाईन म्हटलं नाही. कारण तक्रार करायची तर माझा निरोप पुढे ठेवावा लागला असता. फोन ठेवला आणि तो निरोप पुसून टाकला. त्याच दुपारी रणहलगी ब्लॉक केली. किती वेळ लागला म्हणता? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. एवढ्याशा गोष्टीला मी इतके महिने तत्त्वाचा मुलामा देत बसलो होतो. आकाश कोसळलं नाही, लोकशाही बुडाली नाही. रणहलगी तिकडे वाजतच राहिली, आजही वाजते.

मग मी ती पाटी लिहायला बसलो. 'आमच्या एका भगिनीला झालेल्या त्रासामुळे' अशी तिची सुरुवात आहे. झालेल्या! आपोआप झाला असावा तसा, गारा पडाव्यात तसा. फिलीपने वाचली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "उशिरा का होईना, मर्दासारखं केलंस." मी नुसती मान हलवली.

आणि तो खिडकीतला फोटो. तो मी माझ्याकडे उतरवून ठेवला होता, नंतर कितीदा तरी काढून बघितला. गज, माळ आणि बाभळ. पाथर्डीपासून जामखेडपर्यंत कुठेही गाडी थांबवा, हेच दिसेल. त्यावरून कुणाला कप्पाळ कळणार आहे? बरं, फोटोच्या आत जागेची माहिती लपलेली असते म्हणावं, तर ती आमचं सॉफ्टवेअर फोटो चढतानाच काढून टाकतं. हे मला माहीत नव्हतं का? क्लासमध्ये मी पोरांना हे शिकवतो हो! फी घेऊन शिकवतो.

सुनंदाताईंनी गाडी सोडली. स्वतः अर्ज करून डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसायचं काम मागून घेतलं. ओसरीवरचं खातं तर त्याआधीच एका दुपारी पुसलं. कोंबडी गेली, पाळणा गेला, वेळेवर न येणारी गाडी गेली. लोक काही दिवस विचारत होते, डबलबेल कुठे आहे? मग विचारायचे थांबले. त्या लिहायच्या त्याच्यासारखं आमच्याकडे त्यानंतर कुणी लिहिलं नाही, आणि त्यांनीही लिहिलेलं नाही. मी एकदा पाथर्डीला गेलो होतो तेव्हा विचारलं. म्हणाल्या, "आता काय लिवायचं सर? खिडकीतनं नुसती मानसं इचारत्यात, गाडी कवा हाय. मला गाडीत बसून दिसायचं ते हितनं दिसत न्हाई." त्या दिवशी मी सगळं सांगायला गेलो होतो. चहा प्यालो, परत आलो.

तुम्ही म्हणाल, मग आता तरी माफी मागा. त्याचाही मी विचार केलाय. मागितली तर ती द्यायची की नाही, हे ओझं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. आणि त्या देतील हो! मला माहीत आहे त्या देतील, वर चहा पाजतील. त्याचीच मला जास्त भीती वाटते. माझी बुद्धी साफ होती, हेतू चांगला होता — हेही मी शंभरदा स्वतःला ऐकवून बघितलं. हेतू चांगला होता तर निरोप का पुसला? आणि त्या फोटोचं नाव का घेतलं?

मागच्या हिवाळ्यात फिलीपने नगरला कॉलेजच्या मुलींसाठी एक कार्यक्रम ठेवला. इंटरनेटवर स्वतःला कसं सांभाळावं, असा विषय. मी अध्यक्ष. आणि पाहुण्या म्हणून त्याने, मला न विचारता, सुनंदाताईंना बोलावलं. काठाची साडी नेसून आल्या होत्या. सुरुवातीला हॉलमध्ये कुजबुज चालली होती. त्यांनी कोंबडीच्या तिकिटाची गोष्ट सांगितली आणि मुली जी हसायला लागल्या ती थांबेनात. मग शिटावर ठेवलेल्या पैशांचं सांगितलं.

"पोरींनो," त्या म्हणाल्या, "त्यांचं वाईट हाय ते हायच. पर माजीबी एक चूक झाली. मी एक फोटो टाकला. मला वाटलं, नुसती बाभळ तर हाय, तिच्यात काय? त्यावरनंच त्यांनी मला हुडकून काढलं. सरांनीच ध्यानात आनून दिलं, न्हाई तर मला कवाच कळलं नस्तं. म्हनून सांगते, लई जपा. बाभळीचाबी फोटो टाकू नका."

माझ्या समोरच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने मोबाईल काढला. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता पुष्कळ माना खाली गेल्या. त्या आपापले फोटो पुसत होत्या. त्यात काय असणार? घरची मांजर असेल, गच्चीवरून दिसणारा सूर्य असेल, शेतातली ज्वारी. कुणालाही कसलाही पत्ता लागणार नाही असले फोटो त्या एकेक करून काढून टाकत होत्या, आणि मी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसून होतो. मला उठून 'थांबा' म्हणता आलं असतं. माईक माझ्यासमोरच होता.

मी उठलो ते शाल द्यायला. अध्यक्षांच्या हस्ते सत्कार असं पत्रिकेत होतं. त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना सोडायला मी स्टँडपर्यंत गेलो. फिलीप तिकडे हॉलच्या किल्ल्या देत होता, आम्ही दोघेच होतो. पाथर्डीची गाडी लागलेली होती. पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या.

"सर, तुमाला कदी बोल्ले न्हाई. तुमी हुता म्हनून ती मानसं बंद झाली. न्हाई तर माज्यासारखीसाठी कोन येवढं करतंय? तुमचं उपकार हायेत."

आणि मी, तोंड वर करून, म्हणालो, "अहो ताई, उपकार कसले? कर्तव्यच होतं माझं."